घर वयाबरोबर बदलता आले पाहिजे

ज्येष्ठांच्या वसाहतींच्या जाहिरातींत हिरवळ असते, योगवर्ग असतो, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो आणि ताठ कण्याचे, हसरे, साठीच्या आसपासचे एक जोडपे असते. घर घेतेवेळी बहुतेक माणसे खरोखरच तशी असतात. नुकतीच नोकरी संपलेली असते, फंडाचे पैसे हातात असतात, मुले परगावी किंवा परदेशी स्थिरावलेली असतात. पण त्या घरात पुढची वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात. पासष्टीत घरात शिरणारे शरीर आणि ऐंशीत तिथेच वावरणारे शरीर यांत फार फरक पडतो. घर मात्र ताबा मिळाला त्या दिवशी होते तसेच राहावे, अशी बिल्डरची, व्यवस्थापनाची आणि पुष्कळदा सोसायटीच्या कमिटीचीही अपेक्षा असते.

माझे म्हणणे असे की, अशा वसाहतीत वयाला लागणारे बदल आपल्या घरात करून घेणे हा रहिवाशाचा हक्क मानला गेला पाहिजे. तो करारात आणि उपविधींत लिहिलेला असला पाहिजे. आज तो कमिटीच्या मर्जीवर आहे. मी सार्वजनिक बांधकाम विभागात आयुष्यभर इमारतींचे काम केले आणि आता स्वतः अशा वसाहतीत राहते. शेजारीपाजारी घरदुरुस्तीचा सल्ला विचारायला येतात, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी रोज दिसतो.

सरकारी पातळीवर काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान भौतिक निकष घालून दिले. दरवाजे निदान ९०० मिलिमीटर रुंद आणि शक्यतो सरकते, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे. हे सगळे योग्यच आहे. पण पुण्यात ‘अथश्री’सारख्या वसाहतींनी ही कल्पना रुजवली त्याला दोन दशके उलटून गेली. त्या काळापासून आजवर पुणे, तळेगाव, लोणावळा, कर्जत या पट्ट्यात ज्येष्ठांच्या नावाने जे बांधले गेले त्यातले बरेचसे या निकषांच्या आधीचे आहे. आणि निकष प्रामुख्याने बोलतात ते ताब्याच्या दिवसाविषयी. पंधरा वर्षांनी रहिवाशाला काय बदलायचे आहे आणि त्याला कोण हो म्हणणार, हा प्रश्न उघडाच राहतो.

न्हाणीघराचेच पाहा. जुन्या प्रकल्पांत त्याचा दरवाजा साधारण अडीच फुटांचा असतो. चौकट आणि उघडलेली झडप वजा केली की मोकळी वाट त्याहून कमी उरते. वॉकर तिरका करून न्यावा लागतो, चाकांची खुर्ची बाहेरच थांबते. दरवाजा आतल्या बाजूला उघडतो. आतला माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात ग्रॅनाइटची पट्टी बसवलेली असते. तीच पाऊल पुरते न उचलणाऱ्या माणसाला पाडते. कमोडची बैठक गुडघ्यांना जड जाईल इतकी खाली असते. मदतीची बेल असलीच तर ती छातीच्या उंचीवर असते, म्हणजे जमिनीवर पडलेल्या माणसाला ती दिसते पण तिच्यापर्यंत हात पोचत नाही. बेलची दोरी फरशीपासून वीतभर अंतरापर्यंत यायला हवी, एवढी साधी गोष्ट आहे.

यातले प्रत्येक काम होण्यासारखे आहे. दार उलट्या बाजूला फिरवता येते, त्यासाठी चौकट बदलावी लागते. किंवा बाहेरून सरकणारे दार बसवता येते. पट्टी काढून फरशीला आत उतार देता येतो. पण हे करायचे तर फरशी उखडावी लागते आणि तिच्याखाली असतो कोबा आणि वॉटरप्रूफिंग. आपल्याकडे न्हाणीघराचा स्लॅब खाली दाबून घेतलेला असतो, त्या खोलगट भागात पाइप टाकून भराव केलेला असतो. मिस्त्रीने तिथे घाई केली की खालच्या घराच्या छताला ओल येते. म्हणून कमिटी घाबरते, आणि तिची भीती खोटी नाही.

धरायचा दांडा बसवणे हे मात्र लोकांना ड्रिल मशीनचे पाच मिनिटांचे काम वाटते. तो गैरसमज धोक्याचा आहे, म्हणून इथे थोडे थांबते. गेल्या काही वर्षांत आतल्या भिंती विटांऐवजी एएसी ब्लॉकच्या बांधतात. हे ब्लॉक हलके आणि सच्छिद्र असतात, इमारतीवरचा भार कमी करतात. पण त्यांत नेहमीची प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळला तर तो टॉवेलचे वजन धरतो, माणसाचे धरत नाही. पाय घसरलेला माणूस दांड्याला जो हिसका देतो तो त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त असू शकतो. अशा वेळी दांडा भिंतीतून उपटून हातात येतो. तिथे रासायनिक अँकर, म्हणजे भोकात रसायनाने घट्ट चिकटवलेला बोल्ट लागतो, किंवा भिंतीत आधीच काँक्रीटचा पट्टा हवा. उलट, हल्लीच्या उंच इमारतींत मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटमध्ये ओततात. त्या भिंतीत दांडा उत्तम बसतो, पण ती भिंत इमारतीचा भार वाहत असते. तिच्यातला अडीच फुटांचा दरवाजा तीन फुटांचा करता येत नाही. करूही नये.

म्हणजे एका प्रकारच्या भिंतीत आधार कमी, दुसऱ्या प्रकारच्या भिंतीत बदलाला जागा नाही. दोन्हींचा अर्थ एकच निघतो: पंधरा वर्षांनंतरचा बदल नकाशा काढतानाच धरावा लागतो. अमेरिकेने हे फार आधी ओळखले. तिथल्या घरांसंबंधीच्या समानता कायद्यात १९८८ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार मार्च १९९१नंतर वापरात आलेल्या, चार किंवा अधिक घरांच्या नव्या इमारतींमध्ये कायद्याच्या कक्षेतल्या घरांना न्हाणीघराच्या भिंती आतून बळकट ठेवणे बंधनकारक आहे. दांडा आज बसवलेला नसला तरी चालतो, उद्या बसवता आला पाहिजे. त्याच कायद्याने भाडेकरूलाही अपंगत्वामुळे आवश्यक असलेले वाजवी बदल स्वखर्चाने करू देणे घरमालकावर बंधनकारक केले. आपल्याकडे हे कलम आणायला काहीच अवघड नाही. केंद्राच्या २०१९च्या तत्त्वांमध्ये विकासक, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा यांच्या त्रिपक्षीय कराराची कल्पना आहेच. त्या करारात दोन ओळी वाढवाव्या लागतील.

आता कमिटीची बाजू. घाटकोपरची चार मजली साईसिद्धी इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांवर त्याचा ठपका आला. हे ज्याने वर्तमानपत्रात वाचले त्या प्रत्येक सेक्रेटरीला कुठल्याही घरातून फोडाफोडीच्या ब्रेकर यंत्राचा आवाज आला की धडकी भरते. मी संरचना तपासणीचे काम केले आहे, त्यामुळे कॉलम, बीम आणि काँक्रीटच्या भिंती यांना हात लावू देऊ नये या मताची मी कोणाही कमिटीपेक्षा कडवी आहे. यात वयाची सवलत नाही.

आवाज आणि धूळ यांचा मुद्दा तर साध्या सोसायटीपेक्षा इथे जास्त खरा आहे. दम्याचा माणूस शेजारी आहे, नुकतीच बायपास झालेला माणूस वर आहे, विस्मरणाचा आजार असलेली बाई समोर आहे आणि ब्रेकरच्या आवाजाने ती दिवसभर भेदरलेली राहते. दुपारच्या झोपेवर काहींची रात्रही अवलंबून असते. ‘माझे घर, मी काहीही करीन’ ही भाषा अशा वसाहतीत चालू शकत नाही.

पण या दोन खऱ्या भीतींच्या आडोशाला तिसरीच गोष्ट फोफावली आहे: सरसकट नकार. आमच्याकडे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पत्नीला अर्धांगवायू झाल्यावर न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे करण्याची परवानगी मागितली. अर्ज कमिटीच्या बैठकीत ठेवू, असे सांगण्यात आले. बैठक झाली, तेव्हा वास्तुविशारदाचे पत्र आणा म्हणाले. पत्र आणले, तेव्हा सगळ्या दारांचे रूप सारखे राहिले पाहिजे असा आक्षेप आला. तोवर त्या बाईंना पलंगाजवळच्या कमोडखुर्चीची सवय लावावी लागली. न्हाणीघरात जाणे त्यांना जमले असते, घराने जमू दिले नाही. कमिटीतली माणसे वाईट नव्हती. मुदत नसलेला अर्ज असाच सरकत राहतो, कारण नाही म्हणण्याची जबाबदारीही कोणावर पडत नाही.

म्हणून मी परवानगीची व्यवस्था मोडा असे म्हणत नाही, तिला मुदत घाला म्हणते. दांडे, दाराच्या गोल मुठींऐवजी कोपराने दाबता येणारे हँडल, पलंगाजवळचा टू-वे स्विच, रात्रीचे पायदिवे, कमोडची उंची वाढवणारी बैठक यांना नुसती लेखी कल्पना पुरेशी असावी. फरशी आणि पाइपांना हात लागणार असेल तर अभियंत्याचा कागद, वॉटरप्रूफिंगची लेखी हमी, पाणी भरून ठेवून केलेली गळतीची चाचणी, आणि खालच्या घरातल्या माणसाची तिथे प्रत्यक्ष हजेरी असावी. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे. फोडाफोडीचे काम सकाळी दहा ते एक एवढेच. राडारोडा त्याच दिवशी गोणीत भरून खाली. आणि ज्यांना आवाज सोसवणार नाही त्यांच्यासाठी तेवढ्या दिवसांपुरती वसाहतीतली पाहुण्यांची खोली मोकळी ठेवावी. बहुतेक वसाहतींत ती असते आणि वर्षातले कितीतरी दिवस ती बंदच असते.

घर बदलणे म्हणजे फक्त न्हाणीघर नव्हे. सदाशिव पेठेतल्या किंवा दादरच्या घरातून माणूस दोन खोल्यांत येतो तेव्हा त्याच्याबरोबर आयुष्यभराची मांडणी येते. शिसवी कपाट येते, ज्याच्या कोणत्या खणात काय आहे हे हाताला अंधारातही ठाऊक असते. देवघर येते, पण आता खाली मांडी घालून बसता येत नाही, तेव्हा ते कमरेच्या उंचीवर भिंतीला लावायचे असते. स्वयंपाकाचा ओटा उभे राहून काम करणाऱ्या बाईच्या मापाचा असतो. ज्यांना आता खुर्चीवर बसून भाजी चिरायची आहे, चहा करायचा आहे, त्यांच्यासाठी त्याचा एक भाग खाली घ्यावा लागतो आणि ओट्याखालची कपाटे काढून गुडघ्यांना जागा करावी लागते. काही वसाहतींत सारखेपणासाठी ठरावीक फर्निचरच ठेवण्याचा, भिंतीला खिळा न मारण्याचा आग्रह असतो. मला तो अमानुष वाटतो. विस्मरण सुरू झालेल्या माणसाला ओळखीच्या वस्तू ओळखीच्या जागी असणे हाच कितीदा दिवसभराचा आधार असतो. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ज्याला हॉटेलच्या खोलीसारख्या घरात राहायला सांगितले, तो तिथे मुक्कामाला आलेला माणूस राहतो, घरचा होत नाही.

मालकी नसेल तर ही अडचण दुप्पट होते. पुष्कळ ठिकाणी घर विकत न देता मोठी ठेव घेऊन राहायला देतात. ठेव परत मिळते, पण काही वजावटीनंतर. माझ्याकडे वाचायला आलेल्या अशा एका करारात ‘घर मूळ स्थितीत परत करावे, अन्यथा खर्च ठेवीतून वळता केला जाईल’ असे कलम होते. म्हणजे पडू नये म्हणून बसवलेला दांडा काढून भिंत पूर्ववत करण्याचे पैसे, माणूस गेल्यावर, त्याच्या वारसांकडून घेतले जाणार. घर पुन्हा कुठल्यातरी ज्येष्ठालाच द्यायचे आहे. त्याला तो दांडा नको असेल का? वयानुसार केलेले बदल या कलमातून वगळले पाहिजेत, आणि महारेराने ते आपल्या निकषांत स्पष्ट लिहावे.

पैशाचा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पासष्टीच्या पुढच्या दर शंभर माणसांपैकी २८ ते ३५ जण दर वर्षी पडतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. चांगला निर्णय आहे. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीवरच्या, २ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या माणसाला ३ हजार रुपये एकरकमी देते. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोडखुर्ची घेता येते. या दोन्ही योजना एकत्र ठेवून पाहिल्या की मधली फट दिसते. खुबा मोडल्यानंतरच्या उपचाराला सरकार लाखांत मदत करते, हातात धरायच्या काठीला हजारांत करते, आणि ज्या घसरड्या फरशीवर खुबा मोडतो तिच्याकडे कोणीच पाहत नाही.

जपानने २००० साली दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला. त्यात घरातल्या फेरफारांसाठी २ लाख येनपर्यंतचा खर्च धरला जातो, आणि त्यातला १० ते ३० टक्के वाटा माणसाने उत्पन्नाप्रमाणे स्वतः उचलायचा असतो. दांडे बसवणे, पायरीचा उंचसखलपणा काढणे, फरशी बदलणे, दार सरकते करणे आणि उकिडवे बसायच्या शौचकुपाच्या जागी खुर्चीसारखे बसायचे बसवणे, ही कामे त्यात येतात. जपान श्रीमंत देश आहे, मान्य. पण ही यादी आपल्या चाळीतल्या आणि वाड्यातल्या म्हाताऱ्यांचीच वाटते. वयोश्रीच्या वस्तूंच्या यादीत भिंतीला बसवायचे दांडे आणि त्यांची मजुरी घालायला नव्या खात्याची गरज नाही.

इथे मला नेहमी ऐकवले जाते की ज्येष्ठांच्या वसाहती हे पैसेवाल्यांचे प्रकरण आहे, त्यांच्या दरवाजांची रुंदी हा काय सार्वजनिक प्रश्न झाला? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले साठीच्या पुढचे लोक एक कोटीहून अधिक होते, लोकसंख्येच्या जवळपास १० टक्के. त्यांतले अगदी थोडे अशा वसाहतींत राहतात. बाकीचे कुठे आहेत ते कोथरूडला, पार्ल्याला, डोंबिवलीला कुठल्याही जुन्या सोसायटीत दुपारी चार वाजता जाऊन पाहावे. मुले बंगळुरूला आहेत किंवा न्यू जर्सीला, आणि खाली बाकांवर बसलेल्यांत पन्नाशीच्या आतले कोणी नाही. कोणी पाटी लावलेली नाही, पण वर्षे सरता सरता ती ज्येष्ठांची वसाहतच झाली आहे. लिफ्ट नसलेली, आणि तिसऱ्या मजल्यावरून सहा-सहा महिने खाली न उतरणारी माणसे असलेली.

आज यातल्याच शेकडो इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. वाटाघाटी होतात त्या वाढीव चटईक्षेत्राच्या, कॉर्पस फंडाच्या आणि पार्किंगच्या. दरवाजे ९०० मिलिमीटरचे करा, न्हाणीघराच्या भिंतीत काँक्रीटचा पट्टा ठेवा, दार बाहेर उघडू द्या, ही मागणी विकास करारात लिहिलेली मला फार क्वचित दिसते. वास्तविक नकाशाच्या टप्प्यावर याला खर्च नगण्य असतो. मायवानची भिंत एकदा ओतली गेली की पुढची पन्नास वर्षे ती मागणी कोणालाच करता येणार नाही. पुनर्विकासाच्या सर्वसाधारण सभेला जाणाऱ्या प्रत्येकाने करारातली गाळ्याच्या तपशिलांची परिशिष्टे आधी मागवून घ्यावीत. अंतर्गत दरवाजांची मापे तिथे दिलेली असतात आणि मंजुरीच्या आधी ती बदलून घेता येतात.

आमच्या वसाहतीची वार्षिक सभा सप्टेंबरात आहे. पंधरा दिवसांच्या मुदतीचा, परवानगी न लागणाऱ्या कामांच्या यादीचा आणि कामाच्या वेळांचा मसुदा मी काही शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी कमिटीला दिला आहे. मुदतीला विरोध आहे, वेळांना नाही. पाहुण्यांच्या खोलीचे भाडे कोणी द्यायचे, यावर अजून बोलणे चालू आहे. माझ्या मते ते काम काढणाऱ्या घराने द्यावे.